पिवळी वायर

३ डिसेंबर, बुधवार

पुन्हा तेच! कॉम्प्युटर म्हणतो — ही चकती संरक्षित आहे. अरे बाबा, कोणापासून? चौदा वर्षं कपाटात पडलेल्या नाटकावर दरोडा घालणार कोण? मी आणि झुरळं!

परवा सकाळी माय म्हणाली, ‘ज्योत्स्ना, पत्रूचा चेहरा येते डोळ्यापुढं. आवाज नाई येत.’ ब्याऐंशी वर्षांची बाई, रडलीसुद्धा नाही. म्हणून हा खटाटोप.

पत्रूभाऊ माझा थोरला. झाडीपट्टीच्या, आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत प्रॉम्प्टर. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात वाक्यं घातली, स्वतःचा आवाज कुठेच ठेवला नाही. शेवटचा प्रयोग तेवढा या डीव्हीडीवर. त्याच प्रयोगात, दुसऱ्या अंकात, रंगमंचापुढच्या खळग्यात बसल्या बसल्या गेला. ‘हूं की चूं केलं नाई,’ असं मंडळीतले घरी येऊन सांगून गेले; माय आणि मी प्रयोगाला नव्हतो. मायने ती चकती घरात कधी लावू दिली नाही. मीही काल प्रथमच टीव्हीवर लावली — ऑर्गन ऐकू आला, नट ऐकू आले, भाऊ नाही. दहा मिनिटांत बंद केली. कॉम्प्युटरवर घेतलं तर आवाज वेगळा काढता येतो म्हणे.

५ डिसेंबर, शुक्रवार

चार जीबीची चकती चाळीस जीबी दाखवते. पुढाऱ्याच्या छातीसारखी — आत काही नाही, नुसती फुगवलेली! दर वेळी अकरा टक्क्यांवर अडकते.

मग प्लेअरच्या तिन्ही वायरी — पिवळी चित्राची, लाल-पांढरी आवाजाची — रेकॉर्डिंगच्या एका डबीतून कॉम्प्युटरला जोडल्या. चित्र आलं. उजळलं, काळवंडलं, पुन्हा उजळलं. कोणी झोपेत श्वास घ्यावा तसं. मी बघत बसले. माझाही श्वास त्याच्याच तालावर चाललाय हे उशिरा ध्यानात आलं. मग पडदा काळा.

८ डिसेंबर, सोमवार

आरमोरीतच मुश्ताकभाईंचा स्टुडिओ. प्रयोग त्यांनीच शूट केला होता.

‘मूळ टेप?’

‘त्याच्यावर बारसं घेतलं ना बाई मी. टेप संपली होती.’

‘अन् हे कुलूप?’

‘मीच लावून आणलं नागपूरहून! चोरीच्या कॉप्या निघून राह्यल्या होत्या. एकदम पक्कं काम.’

‘मग उघडा.’

‘उघडता आलं असतं तर पक्कं काऊन म्हटलं असतं?’

या माणसाला सरकारात घ्यायला हवं.

निघताना मात्र मागून हाक. ‘बाई, कुलूप फोटोले आहे. पिवळी वायर काढून टाका. लाल-पांढरीले कोणी विचारत नाई.’ मग पायरी उतरून — ‘पांढरी एकटीच लावा. तिच्यातला माइक मी खाली टाकला होता. पत्रूभाऊपाशी.’

९ डिसेंबर, मंगळवार

पिवळी काढली. कुलूप गप्प!

११ डिसेंबर, गुरुवार

काळा पडदा, आणि भाऊचा आवाज. नाकातला, घाईतला, पान उलटताना किंचित थांबणारा.

आमच्याकडे तालीम कसली! नट दुपारी गाडीतून उतरतो, तोंडाला रंग लावून उभा राहतो. खालून येईल ते वरून बोलायचं — अर्थ लावत बसायचं नाही. त्यामुळे दर वाक्य दोनदा. आधी भाऊ, मागून नट. मेलेला पुढे चाललाय, जिवंत त्याच्या मागे. भर दुपारी अंगावर शहारा आला. तरी ऐकत राहिले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दुसरा अंक. नायक बापावर कुऱ्हाड उगारतो. भाऊ : ‘आज या घराचे दोन तुकडे होतील.’ नायक : ‘आज या घराचे दोन तुकडे होतील!’

मग भाऊ, हळूच — ‘छातीत दुखून राह्यलं... पाणी द्या कोणी.’

आणि नायक, खणखणीत — ‘छातीत दुखून राह्यलं! पाणी द्या कोणी!’

लोक हसले. शिट्ट्या. हसता हसता कोणीतरी ‘वन्स मोअर’ ओरडलं.

त्यानंतर पांढऱ्या वायरीत नुसता ऑर्गन.

हूं की चूं केलं नाही म्हणे! अख्ख्या मंडपाने ऐकलं. लोकांना हसवणारं सदर लिहून मी पेपरात नाव कमावलं. आज हशा ऐकून हेडफोन भिरकावला.

१३ डिसेंबर, शनिवार

मायला हे कळता कामा नये. ‘दोन तुकडे होतील’ला रेकॉर्डिंग कापलं. पुढे काही नाही. चकती घरात नको म्हणून मुश्ताकभाईंच्या स्वाधीन केली.

१४ डिसेंबर, रविवार

मायच्या कानाला हेडफोन लावला. तिने डोळे मिटले. भाऊ वाचतो, माय मागून म्हणते — शब्द न् शब्द, नटासारखी. ‘आज या घराचे दोन तुकडे होतील.’ रेकॉर्डिंग संपलं. मी पाहिलं, संपलंच होतं.

माय थांबली नाही. ‘छातीत दुखून राह्यलं... पाणी द्या कोणी.’

धावत जाऊन पेला आणला.

‘मले नाई,’ माय म्हणाली. ‘त्याले दे.’