कुणीही बसावं असा मस्टँग

३ सप्टेंबर
जजला विकायचं ठरलं. नऊ वर्षांचा मस्टँग, मोकळ्या रानातला घोडा. सरकारी कोंडवाड्यातून आणला तेव्हा त्याला माणसाचा वाससुद्धा चालत नव्हता. आज गुरं वळतो, फास टाकला की दोर ताणून उभा राहतो, एल्को गावच्या घोड्यांच्या शोमध्ये दोनदा बक्षिसाची रिबन घेऊन आलाय. सगळं मी शिकवलं.
विकायचं कारण, बिघडत चाललाय. चालताचालता डावीकडे सरकतो. न सांगता मध्येच थांबतो. एकोणसत्तराव्या वर्षी बिघडलेला घोडा दुरुस्त करत बसायला मला वेळ नाही. तरुण घोडा घेणार.
नदीन म्हणाली, आधी डॉक्टरला दाखवू. म्हटलं, गुरांचा डॉक्टर येऊन गेला; पाठ, खूर, दात ठणठणीत. बायकोला हे उत्तर नको होतं बहुतेक. भांडी आपटत राहिली.

५ सप्टेंबर
जाहिरात दिली. ‘रँचचं काम, शो, डोंगरवाट, सगळ्याला चालतो. शांत. कुणीही बसावं.’ सरकण्याचं लिहिलं नाही. जाहिरातीत किती खोलात जायचं?

९ सप्टेंबर
डावी रिकीब पायाला सापडत नाही. हल्ली रिकिबी नीट बनवत नाहीत. रुंद आणली. शर्टाची बटणंही बारीक करायला लागलेत. नदीन लावून देते.

१४ सप्टेंबर
रीनोहून एक जोडपं आलं. मी बसून दाखवलं. उजवीकडचा फेरा झकास. डाव्या फेऱ्यात जज सरकला आणि थांबला. मी सांगितलं, हे शोमधलं खास थांबणं आहे. घेतला नाही. जाताना त्यातल्या बाईने नदीनला विचारलं म्हणे, हे दुपारीच घेतात का? बारा वर्षं थेंब नाही. शहरी माणसं.

२१ सप्टेंबर, सकाळी ७
संकल्प: रोज अर्धा तास सरळ चालण्याचा सराव.

त्याच दिवशी, ९
टाचेला काटे लावून टोचलं, दोरीनेही दोन दिले. जागचा हलला नाही. बघतो तर मीच एका अंगाला लोंबतोय. खोगिराचा पट्टा ढिला राहिला असणार. नदीन कुंपणाशी उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

२८ सप्टेंबर
टेकडीपलीकडची रमोना एचेव्हेरी आली. जन्म घोड्यांत गेलेली बाई. विकणाऱ्याने आधी बसायचं, हा इकडचा रिवाज, बसलो. मग ती बसली. मी सरकण्याची वाट बघत होतो. जज रेघ ओढल्यासारखा सरळ गेला. डावा फेरा, उजवा फेरा, वासराला फास. एकदाही थांबला नाही. म्हटलं, तुला घाबरतो.
ती उतरली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाली,
“वर्न, हा सरकत नाही. तू डावीकडे कलंडतोस, म्हणून तो तुझ्याखाली येतो. आणि थांबतो ना, तेव्हा तू पडायच्या बेतात असतोस.”
मी किंमत सांगितली. म्हणाली, मी नेला तर तू दुसऱ्या घोड्यावर बसशील, मला ते पाप नको. एक तर याला ठेव, नाहीतर बसणं सोड. आणि डॉक्टर गाठ, माणसांचा.
भाव पाडायची जुनी युक्ती.

३ ऑक्टोबर
विकला. विनेमका गावचा माणूस, फोनवरच सौदा. नदीन घरातून बाहेर आली नाही. ट्रेलरकडे नेताना माझा तोल जरासा गेला. जमीन ओली होती. जज थांबला. त्या माणसाने दोराला हिसका दिला, विचारलं, हट्टी आहे का हा? म्हटलं, थोडासा.

९ ऑक्टोबर
नवा घोडा आला. चार वर्षांचा. नदीन म्हणते बसू नकोस. उद्या बसणार.

१६ ऑक्टोबर, हॉस्पिटल
कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. डाव्या बाजूचा आजार वेगळा, जुना आहे म्हणतात. डॉक्टरने नाव सांगितलं, नदीनने लिहून घेतलं. मी विचारलं, वसंतापर्यंत बसता येईल ना? दोघंही खिडकीबाहेर बघायला लागले.
नव्या घोड्यात मात्र खोट नाही. सरळ चालतो. मी पडल्यावरही सरळ चालत गेला.