हाराखालचे आकडे

शिवाजी पेठ, कोल्हापूर
(तारीख मुद्दाम घातलेली नाही. हल्ली तारखांवर माझा विश्वास राहिलेला नाही.)

तीर्थस्वरूप आक्कास,
धाकट्या बाळासोचा साष्टांग दंडवत.

पहिलं म्हणजे, मी जिवंत आहे. गडहिंग्लजला तुला कुणी काही वेगळं सांगितलं असंल तर त्यावर जाऊ नकोस, ते सगळं एका हारामुळं झालंय. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? म्हैस व्यायली का अजून तशीच? संयोगिता तुला नमस्कार सांगते आहे, आणि ‘वन्सं आल्या तरच ह्यांचं डोस्कं जाग्यावर यील’ असंही सांगते आहे. (हे लिहायचं नव्हतं, पण लिहून झालं.)

तर आक्का, ह्या एक जूनला मला साठ पुरी झाली. म्हणजे कागदावर. कागलच्या कारखान्यात सगळा जन्म गेला, पण माझ्या नावाचा फ्लेक्स कधी कुठं लागला नव्हता. आमच्या पेठेत कुत्र्याचासुद्धा वाढदिवस फ्लेक्सवर होतो (खोटं वाटंल, पण मी डोळ्यांनी बघितलाय, त्याला गॉगल होता). तवा तालमीतला कृष्णात म्हणाला, ‘काका, औंदा तुमचा लावायचाच की! एक फोटो टाका.’ आता माझा एकट्याचा फोटो कुठला? लग्नाच्या फोटोत शेजारी संयोगिता, आणि बाकीच्या सगळ्यात मी कडेला अर्धा कापलेला. एकटा, सरळ, पुढं बघणारा असा मी फक्त आधार कार्डावर आहे. म्हणून कार्डाचाच फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, ‘यातलं तोंड तेवढं घे.’ त्या दिवशी नेमकी फुटबॉलची मॅच. कृष्णातनं न वाचताच तो पुढं ढकलला आणि फ्लेक्सवाल्यानं अख्खं कार्डच छापलं. दाराएवढं. नाव, जन्मतारीख आणि खाली नंबर, एकेक आकडा विटेएवढा.

खरं सांगू? मला लई आवडला. दूध आणायला गेलतो, ते विसरूनच गेलो. कोवळ्या उन्हात चौकात उभा राहून मी माझ्याकडं बघत होतो आणि वरून मी माझ्याकडं बघत होतो. मधून रिक्षा जात होत्या, म्हशी जात होत्या, पण मला कशाचा आवाज येत नव्हता. असा मी आयुष्यात कधी मला दिसलो नव्हतो.

तेवढ्यात पुण्याहून सईचा फोन. लेकीनं कुणाच्या तरी स्टेटसवर फ्लेक्स बघितला होता. ‘बाबा, आधी ते आकडे झाका! उद्या कुणीतरी तुमच्या नावानं सिम घेईल, कर्ज काढील, आणि हप्ते भरत बसाल तुम्ही!’ मग तिनं तिथूनच माझ्या कार्डाला कुलूप लावलं. (बोटांच्या ठशांना कुलूप लागतं म्हणं. मी बोटं हलवून बघितली, हलतात.) कुलूप लागल्यावर तिनं हळूच विचारलं, ‘बाबा, एटीएमचा पिन काय ठेवलाय?’ मी म्हटलं, ‘जन्मतारीख.’ ती ओरडलीच, ‘ती तर चौकात टांगलीय! आजच्या आज पिन बदला!’

मी पळत कृष्णातकडं गेलो, म्हटलं आकडे झाक. त्यानं झाकले. झेंडूच्या हारानं! आता तूच सांग, साठीचा माणूस, न हसणारा फोटो आणि त्याला झेंडूचा हार. वर जन्माची तारीख असल्यामुळं लोक खाली दुसरी तारीख शोधायला लागले. दुपारपर्यंत आमच्या दारात चपलांचा ढीग. सगळे हळू आवाजात बोलत होते, ‘लई सरळ माणूस. कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय.’ मी आत पडून ऐकत होतो, इतकं बरं वाटत होतं की उठवंना. शेवटी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलो तर एकजण किंचाळलाच. वाईट एवढ्याचंच वाटलं, की मला बघून काहीजण चहा न घेता परत गेले.

संध्याकाळी एक फोन आला. आवाज असा गोड की काय सांगू. माझं पूर्ण नाव घेऊन ‘सर’ म्हणाला. कारखान्यात मला कुणी सर म्हटलं नाही. ‘सर, आपली जन्मतारीख एक जून ना? एक ओटीपी येईल, तेवढा सांगा.’ सईनं बजावलंतं, ओटीपी देवानं मागितला तरी द्यायचा नाही. मी दिला नाही. पण चुकीचं कसं ऐकून घ्यायचं? म्हटलं, ‘पावणं, एक जून खरी न्हाय. शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली हाय. आमचा अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलाय.’ तो गोंधळला. ‘मग खरी कुठली?’ मी म्हटलं, ‘ती आमच्या आक्कालाच ठाव.’ आणि तेवढं बोलून मला रडूच आलं. कशाचं, ते त्यालाही कळलं नाही आणि मलाही नाही. शेवटी त्यानंच फोन ठेवला.

मग रंकाळ्यावर जाऊन बसलो. ऊन उतरलं होतं, पाणी हलत नव्हतं. वाटलं, कुठंतरी एक दुसरा बाळासो फिरत असंल, माझं नाव लावून. पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, तो आता काय करत असंल? गोव्याला गेला असंल. समुद्रात पाय सोडून बसला असंल. लोक त्याला सर म्हणत असतील, आणि एकट्याचे पुष्कळ फोटो असतील त्याचे. आक्का, मला त्याचा हेवा वाटायला लागला. म्हटलं, ने बाबा, नाव ने, एक जून ने, ते आकडे तर मला कधी पाठसुद्धा नव्हते. पण मग तू सांगायचीस ते आठवलं. बेंदराचे दिवस होते, तू बैलांची शिंगं रंगवत होतीस, आतून माझं पहिलं रडणं ऐकून तशीच धावलीस आणि लाल हातांनीच मला उचललंस. आई ओरडली, पोराला कुंकवात बुडवलं की काय म्हणून. बेंदराच्या आधी का नंतर, ते मी विसरलो. तू मात्र सकाळी शाळेत फळ्यावर तारीख लिहून आली होतीस, म्हणून ती तुझ्या ध्यानात राहिली. त्या दुसऱ्या बाळासोला असं कुणी उचललेलं नसणार.

बाकी सगळं क्षेम. दाजींना नमस्कार, म्हशीला माझ्याकडून वैरणीची एक पेंढी.

तुझा (हार असूनही) हयात भाऊ,
बाळासो

ता. क. : खरं काम राहिलंच. नवा पिन ठेवायचाय. लग्नाची तारीख चालत नाही, वरातीत मारामारी झालती म्हणून ती पेठेला पाठ आहे. गाडीचा नंबर तर रोज रस्त्यानं फिरतो. माझी खरी जन्मतारीख मात्र कुठल्या कार्डावर नाही का फ्लेक्सवर नाही. ती फक्त तुझ्यापाशी आहे. पत्रात लिहू नकोस, फोनवर सांगू नकोस. एसटीनं ये आणि कानात सांग.

ता. क. २ : त्या गोड आवाजानं तुझा नंबर मागितला होता. मी दिला. (रडत होतो गं, भान कुठलं?) फोन आला तर ‘माझा बाळासो गेला हो’ म्हणून मोठ्यानं रडायला लाग आणि ठेवून दे. पुरावा म्हणून फ्लेक्स आहेच.

ता. क. ३ : कृष्णात म्हणतोय, ‘काका, खरी तारीख सांगा, त्या दिवशी ह्याच्या दुप्पट लावतो.’ पण सांगितली की पिन फुटला! म्हणजे साठीनंतर पहिल्यांदा खरा वाढदिवस मिळणार, आणि तो कुणाला सांगायची सोय नाही. तेव्हा असं कर. कानातसुद्धा काही सांगू नकोस. भिंतींचं काय सांगावं, आणि संयोगितेचं तर सांगायलाच नको. बेंदूर जवळ आलाय. तो दिवस येईल तेव्हा नुसती दारात येऊन उभी राहा, मी ओळखीन. येताना जमलं तर हाताला थोडा लाल रंग लावून ये.