एकशे बारा सेंटिमीटर

सोमवार, ४ तारीख

एकदाची रुजू झाले! ताईने डबा इतका गच्च भरला की झाकण लागेना, आणि चिऊने निघताना माझ्या बुटांची तपासणी केली. चिऊ म्हणजे माझी भाची. वय वर्षे सहा, स्वभाव हेडमास्तरांचा. नोकरी लागली म्हणून मी ताईकडे राहायला आले आहे, आणि मला घरात ठेवायचं की नाही हे बहुधा चिऊच ठरवणार.

काम मनासारखं आहे. हल्लीच्या गाड्यांत पुढच्या काचेमागे, आरशापाशी, एक कॅमेरा असतो. समोर माणूस आला की गाडी आपणहून ब्रेक मारते ती त्याच्या जोरावर. काच बदलली की हा कॅमेरा केसभर सरकतो, आणि इथला केसभर पुढे रस्त्यावर हातभर होतो. म्हणून गाडी सपाट फरशीवर उभी करायची, समोर काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा बोर्ड मोजूनमापून ठेवायचा आणि कॅमेऱ्याला पुन्हा नीट बघायला लावायचं. ताई मला आतापासूनच डोळ्यांची डॉक्टर म्हणायला लागली आहे.

खोली पांढरीशुभ्र, बिनखिडकीची. ऊन आत आलं तर कॅमेरा बिथरतो. शिकवायला मोठे मिस्त्री आहेत. पन्नाशीचे, बोलण्यात कंजूष, पण हातात जादू. टेप न लावता बोर्ड ठेवतात आणि टेप लावली की माप बरोबर निघतं. मला जरा रागच आला.

बुधवार, ६

आज पहिली गाडी एकटीने केली. एक गंमत झाली. कॅमेऱ्याला जोडलेल्या मशीनच्या स्क्रीनवर बोर्डाच्या डाव्या अंगाला पिवळी चौकट उमटली: व्यक्ती, उंची ११२ सेंमी. खोलीत चिटपाखरू नव्हतं. गाडी आणि बोर्ड यांच्यात माणूस उभा असेल तर मशीन पुढे सरकतच नाही, त्यामुळे मी अडून बसले. मिस्त्री आले, स्क्रीनकडे धड पाहिलंही नाही. म्हणाले, होतं असं इथे, 'दुर्लक्ष करा' तीनदा दाब. दाबलं. चौकट गेली, गाडी पास झाली. मी कारण विचारलं तर म्हणाले, भिंतीवरचा उजेड. उजेडाला उंची कशी असते, हे विचारायचं धाडस काही झालं नाही.

शुक्रवार, ८

तीन दिवसांत नऊ गाड्या केल्या. सहांमध्ये ती चौकट. दर वेळी डावीकडे, दर वेळी ११२. इथे सगळ्यांनाच सवय आहे. एकाने तर मला दम दिला की कशाला खोळंबतेस, बोटं मोडली का?

दुपारी ताईचीच गाडी आली. परवा दगड उडून तिची काच फुटली होती. मी हट्टाने स्वतः केली. हिच्यातही चौकट आलीच. ताई बाहेर घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होती, चिऊची शाळा सुटायची वेळ झाली होती. तीनदा दाबलं. संध्याकाळपर्यंत ताईने अर्ध्या इमारतीला सांगून टाकलं की बहिणीने गाडी कशी चकाचक करून दिली. मी उगाच फुशारले.

रविवार, १०

चिऊचा गणवेश आखूड झाला म्हणून ताईने तिचं माप घ्यायला सांगितलं. टेप माझीच, कामावरची. तिला भिंतीशी ताठ उभी केली.

११२.

ताईला वाटलं मी चुकले, म्हणून तिने पुन्हा मोजलं. तेवढंच. या वयाची मुलं एवढीच असतात, असं मी मनाला दहादा बजावलं. पण टेप बॅगेच्या तळाशी लपवून ठेवली.

मंगळवार, १२

आज ताईची गाडी मागून घेतली. जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपच्या मागच्या पटांगणात नेली. चाचणीसाठी आमच्याकडे फोमचे पुतळे असतात, त्यांची उंची कमीजास्त करता येते. मोठा पुतळा ठेवला: गाडी थांबली. लहान, १०५: थांबली. १२०: थांबली. ११२ ठेवला आणि गाडी त्याच्यावरून गेली. चार वेळा ठेवला, चारही वेळा गेली. फोमचा हात चाकात अडकला, तो मला ओढून काढावा लागला. मी तिथेच खाली बसून रडले.

आम्ही दुर्लक्ष करा, दुर्लक्ष करा दाबत गेलो आणि गाड्यांनी ऐकलं.

मिस्त्रींना सांगितलं. म्हणाले, पुतळा जुना आहे. मी म्हटलं, सगळ्या गाड्या परत बोलवा. त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, पोरी, मी नऊ वर्षं दाबतोय. कुणाकुणाला बोलवू?

ताईच्या गाडीतला कॅमेऱ्याचा फ्यूज काढून टाकला. पिवळा दिवा लागून राहील, पण ताई निदान स्वतःच्या डोळ्यांनी बघून चालवेल. बाकीच्या गाड्या मनात आल्या नाहीत असं नाही. पण आधी आपलं घर.

बुधवार, १३

भावोजींनी पिवळा दिवा पाहिला. मला त्रास नको म्हणून परस्पर गाडी घेऊन गेले आणि मिस्त्रींकडून करून आणली. चांगुलपणाने. मिस्त्रींनी दाबलं का विचारलं, तर भावोजी हसत म्हणाले, हो, काहीतरी दाबलं बुवा तीनदा.

मी त्यांच्या अंगावर ओरडले. ताई माझ्याशी बोलत नाही. चिऊ घाबरून दाराआड उभी राहिली. माझ्याकडेच बघून घाबरली होती ती.

फ्यूज पुन्हा काढू दिला नाही. किल्ली ताईच्या पर्समध्ये.

गुरुवार, १४

सकाळी सगळे चहाला गेले तेव्हा खोलीत गेले. गाडी चालू, स्क्रीन माझ्याकडे वळवलेली. बोर्डाच्या डावीकडे, बरोबर त्या जागी, जाऊन उभी राहिले.

दोन चौकटी. एक माझी, १५८. एक ती.

ती सरकली. माझ्याकडे. अगदी लगटून — गर्दीत लहान मूल मोठ्या माणसाला चिकटतं तशी. मी हाताची मूठ आवळून धरली. हात लागला असता तर —

त्यानंतर दिवसभर एकाही गाडीत चौकट आली नाही. मिस्त्री पहिल्यांदाच हसले. म्हणाले, बघ, गेली एकदाची.

गेली. कुठे?

शुक्रवार, १५, दुपार

किल्ली घेतली. न विचारता. गाडी माझ्या नजरेखाली राहावी म्हणून मीच इथे आणून उभी केली. ताई रागावेल, रागावू दे. चिऊला मीच घरी नेणार, चालत. ही गाडी इथून हलणार नाही.

शाळेसमोर आहे, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. इंजिन बंद. फक्त वर्कशॉपमधून आणलेली मशीनची स्क्रीन जोडून चालू ठेवली आहे. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय.

घंटा झाली.

मुलं येताहेत. स्क्रीनवर चौकटी, प्रत्येकाभोवती एक. दहा, पंधरा — सगळी दिसताहेत. मोजतेय.

चिऊ आली. फाटकात उभी आहे, मला शोधतेय.

तिच्याभोवती नाही. दोन्हीकडच्या मुलींना आहे, हिला —

असू दे. ही गाडी उभी आहे. किल्ली माझ्या मुठीत आहे. घाबरायचं नाही.

हात केला. दिसले तिला, हसली.

वळणावरून एक गाडी येतेय. ओळखते मी ती, काच आम्हीच — मीच केली होती. चालवणारा खाली फोनमध्ये बघतोय. बघणारच, गाडी बघते म्हणून —

तिच्यामागे आणखी एक. तीही आमच्याच —

चिऊ, थांब. हात केला तो ये म्हणून नव्हता गं, नुसता —

धावत सुटली, मावशी मावशी करत रस्त्या

दार उघडत ना