पितृपंधरवड्यातला ताबा

आई, तुझ्यावर मी अजून चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, एव्हाना राग निवायला हवा होता. पण आज सकाळी फोडणी घालताना फळीची कड पुन्हा कपाळावर बसली. ओट्यावरच्या फळ्या तू तुझ्या उंचीला ठोकून घेतल्यास. तू पावणेपाच फूट, मी बाबांच्या वळणावर गेलेली ताडमाड. त्या फळ्यांपुढे मान झुकवून मी मीरा रोडच्या या घरात अख्खा संसार केला. बदलून का नाही घेतल्या, म्हणशील. आधी पैसे नव्हते, नंतर सवय झाली.

नव्वद-एक्क्याण्णवचे दिवस. लग्नानंतर सात वर्षं आम्ही परळला तुझ्याच खोलीत पडद्याआड काढली. ह्यांचं घर कोकणात, मुंबईत दुसरा आसरा नाही. ओटा तुझा, डबे तुझे, मिठाची बरणी तुझी. मी ऑफिसातून येऊन पोळ्या लाटायला बसायचे आणि तू मागून म्हणायचीस, "कडा जाड राहतायत." मला घर हवं होतं ते त्या कडांसाठी. जाड तर जाड, पण माझ्या ओट्यावर! ह्यांनी फंडातून कर्ज उचललं, मी पाटल्या मोडल्या आणि मीरा रोडला हाटकेशच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर वन रूम किचन घेतलं. नळ होते, पाणी नव्हतं. टँकर आला की तिथली माणसं बादल्या घेऊन धावायची. मोरीच्या दाराला कडीसुद्धा नव्हती. तरी चावी मिळण्याआधीच परळला झोपण्यापूर्वी मी मनातल्या मनात तो ओटा पुसून घ्यायचे.

आणि चावी मिळाली ती नेमकी पितृपंधरवड्यात. बिल्डरच्या माणसाने ह्यांना स्पष्ट सांगितलं, "चावी अभी ले लो, बाद में मेरी गॅरंटी नहीं." एकच जागा दोघांना विकल्याच्या गोष्टी तेव्हा तिकडे रोज कानावर यायच्या. जो आत बसेल त्याची जागा. मी म्हटलं, उद्याच जाऊ. तू तवा घासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "पितरांच्या दिवसांत नव्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. संसार करायचाय ना तिथं?" मी कपाळाला हात लावला. घर हातचं चाललंय आणि ही बाई पंचांग बघतेय! मग तव्यावर पाणी ओतत तूच तोड काढलीस, "मी जाऊन बसते. मला विधवेला कसला आलाय मुहूर्त? घट बसले की तुम्ही या." हे लगेच हो म्हणाले. ह्यांना तुझं सगळंच पटायचं, तो एक वेगळाच ताप. तू वळकटी आणि वातीचा स्टोव्ह घेऊन निघालीस, आणि मी माझ्या घरात सगळ्यात शेवटी पाऊल ठेवायचं ठरलं.

घटस्थापनेला मी अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी घेऊन जिना चढतेय. समोरच्या ब्लॉकमधली गुजराती भाभी दारात उभी आहे. हसून म्हणते, "बा की बेटी ना? कितने दिन रुकोगे?" काय सांगू तिला? आत बघते तर स्वयंपाकघर लागलेलं. फळ्या ठोकलेल्या, डबे ओळीनं, पिंपाला फडकं बांधलेलं, खिडकीत तुळससुद्धा. दूध उतू घालवायला मी स्टोव्हपाशी गेले तर तू मागे हजर. "उतू जाऊ दे, पण वाया नको घालवूस." उतू गेलेलं दूध वाया कसं जात नाही, ते तुलाच ठाऊक.

तू परळला परत जाशील म्हणून दसऱ्यापर्यंत मी दम धरला. दसरा झाल्यावर राई गावची कोळीण दारात यायला लागली. पंधरवड्यात ती जिन्यात टोपली टेकायची, तू तिला पाणी द्यायचीस, म्हणून आता ताजा म्हावरा आधी तुझ्यासाठी. ती आली की समोरची भाभी धाडकन दार लावून घ्यायची. टँकरवाल्याशी भांडायला तू, जिन्यातल्या दिव्यासाठी वर्गणी काढायला तू. सगळी इमारत आमच्या घराला 'बा का ब्लॉक' म्हणायची. मग एका संध्याकाळी मी मिठाचा पुडा फोडला आणि तुला विचारलं, "आई, मीठ कुठं ठेवू?" माझ्या घरात, माझ्या ओट्यापाशी उभी राहून मी हे विचारलं. स्वतःच्या तोंडचा तो प्रश्न ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. "हे घर माझंय आई. तुझं परळला आहे. तिकडे जा तू." तू स्टोव्हची वात खाली केलीस आणि म्हणालीस, "बरं." दुसऱ्या दिवशी सकाळी गेलीस.

भांडली असतीस तर बरं झालं असतं. पुढे तू यायचीस, दिवाळीला, माझ्या बाळंतपणाला, पण स्वयंपाकघराच्या दाराशी थबकायचीस. "अगं, पाणी घेऊ का?" अकरा वर्षं! शेवटच्या दुखण्यापर्यंत! "घे ना, विचारतेस काय?" म्हणून मी ओरडायचे. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्या प्रश्नाचा मला इतका राग यायचा की तू परत गेलीस की मी भांडी आपटायचे. असं छळायचं असतं का कुणी आपल्या मुलीला?

परळची ती खोलीही आता नाही, तेव्हा हे पत्र टाकायचा प्रश्नच येत नाही. म्हणून एक राहिलेलं लिहून ठेवते. मिठाचं विचारलं त्याच दिवशी सकाळी तू टँकरवर गेली होतीस. कोळीण दारात टेकली आणि म्हणाली, "बाय, तुजी आई व्हती म्हनून तुजं घर हाय. पितरांत नवरा-बायको आलती, पोरं नि सामान घेऊन. कागद त्यांच्याकडं पन व्हता, ह्याच घराचा. तुजी आई दिसभर उंबऱ्यात बसली. त्यांना च्या दिला, पोरांना भात दिला, पन उठली न्हाय. मंग गेली ती." तू आम्हाला यातलं अवाक्षरही सांगितलं नव्हतंस. मी पापलेटं घेतली, दार लावलं आणि कुणालाच काही बोलले नाही.

हे मला तुझ्या पश्चात कळलं, असंच मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ह्यांनाही तेच सांगितलं. खोटं आहे ते, आई. तुला जा म्हटलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तू समोर असणं मला सहन होईना.