फलकावरची दोन बोटं

॥ श्री ॥
चिंचवड, ४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. जयमाला हिस,
अ. उ. आ.

तुमच्याकडे फोन स्पीकरवर टाकून सासूबाईंना ऐकवल्याशिवाय बोलायची सोय नाही, म्हणून हा कागद. घरी सगळे बरे. तुझी वहिनी गुडघ्यांवर रागावलेली, मी सगळ्या जगावर.

आमचं शहर आता 'सर्जनशील' होणार आहे. त्यासाठी महापालिकेनं जाहिरात एजन्सी नेमलीय. पुलाच्या खांबांवर मोर आणि लेझीम खेळणाऱ्या बायका काढून झाल्या. चाकणच्या रस्त्यावर तासभर गाडी अडकते, तेव्हा लोकांना बघायला काहीतरी हवंच म्हणा. मग निघाली 'घडवणारे हात' नावाची मोहीम. रिटायर झाल्यापासून मी तळवड्याला पोरांना पत्रा दाबायचं प्रेस मशीन शिकवतो ना, तिथं एजन्सीची योगिनी नावाची मुलगी आली आणि माझ्या तेलकट उजव्या हाताचा फोटो घेऊन गेली. मीही हुरळलो, खोटं कशाला बोलू.

आता चौकात वीस फुटी फलक लागलाय. हात माझाच, अंगठ्यावरचा भाजल्याचा डागही माझाच, खाली नावसुद्धा. पण चार वर्षांपूर्वी प्रेसखाली गेलेली माझी दोन बोटं त्यांनी कॉम्प्युटरवर परत लावून दिलीत!

तीनदा त्यांच्या ऑफिसात गेलो. योगिनी म्हणते, काका, तुटकं दाखवलं की शहराबद्दल निगेटिव्ह जातं. तिचा साहेब म्हणतो, तुम्हाला फुकटात बोटं मिळाली, तर कुरकुर कसली. अगं, पहिल्या दिवशी मी हा हात वर करतो तेव्हा वर्ग चिडीचूप होतो. परवा एक जण म्हणाला, सर, तुमची बोटं चौकात आहेत की. सगळे खो खो हसले. प्रेसपुढं बसणाऱ्यांनी असं हसून चालत नाही. मी आता लेखी तक्रार देणार.

दिव्याच्या नोकरीचं काय ठरलं ते कळव. माया आहे तशी राहू दे.

तुझा दादा,
सयाजी


बोरगाव, ता. औसा, १५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग तक्रारीचं वाचलं आणि लगेच हा कागद घेतला.

दिव्याला महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेसवर काम मिळतंय. आयटीआय होऊन दीड वर्ष पोरगी घरात बसलीय. सासूबाईंचा एकच धोशा, तिकडं बोटं तुटतात, मग मुलीला कोण पत्करणार. तुझ्या हाताबद्दल त्यांच्या कानावर आलं होतं. तू तेव्हापासून इकडं फिरकला नाहीस, आणि मी आपली मला काही माहीत नाही म्हणत राहिले. तुझ्या लेकानं, शेखरनं त्या फलकाचा फोटो मोबाइलवर पाठवला, तो मी त्यांच्यापुढं धरला. म्हटलं, हा बघा माझ्या भावाचा हात. त्यांनी चष्मा लावून पाचही बोटं मोजली आणि हो म्हणाल्या.

तर दादा, एक तारखेला दिव्या निघेपर्यंत तक्रार देऊ नकोस, पाया पडते. तू म्हणशील, बहीणही एजन्सीला जाऊन मिळाली. म्हण. पण ही संधी गेली तर सासूबाई तिचं लग्न उरकून मोकळ्या होतील.

रागावलास तरी परकं करू नकोस.

तुझी,
जयमाला


चिंचवड, २१ फेब्रुवारी

चि. सौ. जयमाला हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. एजन्सीनं निदान पोटासाठी तरी केलं, तू फुकट केलंस!

तुझ्या सासूबाईंचं खरं आहे, बोटं तुटतात. मी त्या कामाला नावं ठेवत नाही, माझं घर त्यावरच उभं राहिलं. पण फलकावरची बोटं मोजून पोरगी प्रेसपुढं बसायला आली, तर ते पाप माझ्या माथी. तक्रार कालच देऊन आलो.

अठ्ठावीसला मी लातूरच्या गाडीनं येतोय. सासूबाईंपुढं हा हात ठेवीन आणि काय घडलं ते सांगेन. त्या नाही म्हणाल्या तर मुकाट्यानं परतेन. तू खुशाल रागाव, पण जेवायला कर.

धाकटी आहेस, तुझ्यावरचा जीव कमी होत नाही.

दादा


महाळुंगे, २० मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

मी बरी आहे. खोलीत आम्ही चौघी, डबा लावलाय, आमटी पाणचट असते. मामाची तक्रार पावली. फलक उतरवला आणि तिथं दुसरा हात लावला, गोरापान, नेलपॉलिशवाला. मामा रोज त्याच्याखालून शिव्या घालत जातो.

मामा आपल्याकडं आला त्या दिवशी त्यानं आजीला सांगितलं होतं, घाईपायी मीच प्रेसचं एक बटण बांधून ठेवलं होतं, म्हणून बोटं गेली. मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. आजी मात्र त्याचा हात मांडीवर घेऊन म्हणाली, फोटोवर नाही, तुझ्या भरवशावर पाठवते. मामाच्या त्या बोलण्याचा अर्थ मला या आठवड्यात कळला.

आमच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात मशीनबाहेर राहतात. परवा माल कमी पडत होता. शेजारच्या मुलीनं दाखवलं, एकावर चिकटपट्टी लावली की एक हात मोकळा राहतो आणि काम दुप्पट होतं. सुपरवायझरनं बघून न बघितल्यासारखं केलं. माझा हात पट्टीकडं गेला होता, आई. मग मागं घेतला. माझा माल सगळ्यांत कमी निघाला आणि लाइनसमोर बोलणी बसली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, दोन्ही हातांनी तोंड धुतलं आणि परत मशीनवर जाऊन बसले.

आजीला हे सगळं वाचून दाखव, काही गाळू नकोस. तुम्हा दोघींचा जीव माझ्यावर असू दे.

तुझी,
दिव्या