नऊ झाडांचा कोर्स

७ जानेवारी १९७९, रविवार
तळेगावला सासुरवाडीला जाऊन आलो. चिंगी आता मान धरते. मला बघून रडली. बापाची सवय राहिली नाही, दुसरं काही नाही. हिरा लोणावळ्याला यायला तयार होती, पण सासरे धोंडिबा आडवे आले. त्यांचं एकच पालुपद. पाव्हणं, आधी कायम व्हा. कायम झालात की कॉलेजची क्वार्टर मिळंल, मग लेक-नात घेऊन जावा. गळक्या पत्र्याच्या खोलीत न्हाई धाडायची.
बोलणं लागलं. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, म्हणजे ठेवूनच घ्यायची? असो. मार्चअखेर मी फिजिकल इन्स्ट्रक्टर म्हणून कायम होणार, यात शंकाच नाही. संस्थेच्या मंडळाला काहीतरी नवीन करून दाखवलं की झालं.

९ जानेवारी
नवीन काय ते सापडलं! योग शिकायला आलेला जेरी नावाचा अमेरिकन जाताना मला प्लास्टिकची चकती देऊन गेला होता. तिला डिस्क म्हणायचं. तिकडे कॉलेजच्या आवारात डिस्क गोल्फ खेळतात. लांबून डिस्क फेकत जायचं आणि कमीत कमी फेकींत ती ठरलेल्या झाडाला लावायची. नऊ झाडं म्हणजे नऊ होल. होल असलं तरी भोक नसतं, हे प्रिन्सिपॉलसाहेबांना पुन्हा पुन्हा समजावलं. ते फायलीत बघून हं हं म्हणाले. म्हणजे परवानगी मिळाली.
देशातला पहिला कोर्स असणार. उद्यापासून पहाटे पाचला सराव. नियम म्हणजे नियम.

१० जानेवारी
थंडी फार. उद्यापासून.

११ जानेवारी
आठला गेलो. गेटजवळच्या आंब्याला डिस्क लागता लागेना. दोष वाऱ्याचा. शिपाई शिदू बादली खाली ठेवून बघत उभा राहिला. शेवटी म्हणाला, सर, चालत जाऊन हात लावला तर न्हाई का चालत?
अशा लोकांना काय सांगणार!

१६ जानेवारी
कबड्डीच्या पोरांना बोलावलं होतं. दोघे आले. एकाने विचारलं, पलीकडे झेलायला कोण असतं? कोणी नसतं म्हटल्यावर दोघेही गेले. खेळ काळाच्या पुढे आहे, त्याला मी काय करू?

२२ जानेवारी
आजची फेक आयुष्यातली सर्वोत्तम. कुंपण ओलांडून डिस्क रेल्वेलाइनवर गेली, मालगाडीच्या उघड्या डब्यात पडली आणि खंडाळ्याच्या दिशेने निघून गेली. जोर किती होता बघा. तूर्त घरातलं जर्मनचं ताट वापरतोय. हिरा इथे नाही ते एका अर्थी बरंच आहे. जेवण पातेल्यात.

२९ जानेवारी
लोकांना कोर्स का कळत नाही, ते आज कळलं. झाडांवर नंबर नाहीत! दिवसभर खपून नऊ झाडांच्या बुंध्याची थोडी थोडी साल तासली आणि पांढऱ्या ऑइलपेंटने एक ते नऊ आकडे काढले. गेटजवळचा आंबा एक नंबर, लायब्ररीपुढचा फणस नऊ. अक्षर माझं आधीपासूनच सुरेख.
परिणाम लगेच! ठाकरवाडीची शकुबाई हंगामात चार नंबरच्या जांभळाखाली पाटी घेऊन बसते, तीच जांभळं वेचते, विकते. ती आली, आकड्यावर हात फिरवला आणि पदराने डोळे पुसले. म्हणाली, सर, आता कायच न्हाई का करता येनार? मी म्हटलं, मावशी, काळजी नको, आता मागे हटायचं नाही. बिचारी जांभळाकडे वळून वळून बघत निघून गेली. गरिबालाच कदर असते.

५ फेब्रुवारी
प्रिन्सिपॉलसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, कौतुक करणार. तर म्हणाले, नव्या हॉलसाठी मागची निलगिरी तोडायचा ठेका दिलाय, तुमच्याकडे रंग आहेच, तर त्या झाडांवर नंबर टाकून ठेवा. मी इन्स्ट्रक्टर आहे का रंगारी? हो म्हणून आलो. बघू पुढच्या आठवड्यात.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
महत्त्वाचा दिवस. निलगिरीचं काम आज करणारच होतो, एवढ्यात एक जीप आली. त्यातून टोपीवाले, अंगाने भरलेले गृहस्थ उतरले आणि विचारलं, नंबरवाली झाडं कुटं हायेत? मी ओळखलं, मंडळाचे सभासद. न सांगता पाहणीला आले असणार. नाव विचारणं बरं दिसलं नसतं.
स्वतः एक ते नऊ फिरवून दाखवलं. काय तो रस! प्रत्येक बुंध्याला मिठी मारून बघितली, मान वर करून शेंडा न्याहाळला, फणसावर तर टकटक करून कान लावला. एवढीच का, म्हणाले. मी म्हटलं, सध्या नऊ, पुढे अठरा करायचा विचार आहे. एकदम खूश. लय चांगलं, म्हणाले.
मग मी धीर करून म्हटलं, साहेब, आमचं काम तेवढं मार्चच्या आत करा. ते म्हणाले, मार्च कशाला, रविवारीच उरकून टाकतो.
रविवारी! माझे डोळेच भरून आले. निलगिरी राहिली. आजच्या दिवशी कोण ब्रश धरतो!

१८ फेब्रुवारी, रविवार, तळेगाव
हिराला सांगितलं, झाल्यातच जमा आहे. किती दिवसांनी हसली. चिंगी माझ्या मांडीवर झोपली, रडली नाही. धोंडिबांनी मटण आणलं. आग्रहाने ठेवून घेतलं.

१९ फेब्रुवारी
नऊच्या नऊ तोडली.
गेटमध्ये उभं राहिलं की आता थेट ऑफिसच दिसतं. मध्ये काही नाही. शिदू म्हणाला, काल अंबाजी ठेकेदाराची मानसं उजाडल्यापासून व्हती, नंबर टाकलेली झाडं पाडा असाच हुकूम व्हता. अंबाजी म्हणजे तो जीपवाला. मागची निलगिरी जागच्या जागी उभी आहे.
शकुबाई खुंटाजवळ बसली होती. मी मावशी म्हणून हाक मारली. तिने वर बघितलं नाही. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
प्रिन्सिपॉलसाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, उद्यापासून येऊ नका.
चूक अंबाजीची आहे. झाडावर आकडा दिसला की लगेच कुऱ्हाड घालायची, ही काय रीत झाली? मी वरपर्यंत जाणार. उद्याच अर्ज.

२० फेब्रुवारी
अर्ज केला नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार, तळेगाव
आज सगळं खरं सांगायचं ठरवून आलो होतो. गाडीत वाक्यं पाठ केली. आधी अंबाजीचं सांगायचं, मग खेळाचं, मग नोकरीचं. दारात धोंडिबा भेटले. चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं, पाव्हणं, झालात का कायम? माझ्या तोंडून निघालं, व्हय.
एवढंच बोललो. पुढचं बोलायला कोणी उसंतच दिली नाही. धोंडिबांनी आळीत साखर वाटली. सासूबाईंनी चिंगीची दृष्ट काढली.
आता हिरा ट्रंक भरतेय. उद्या सकाळच्या गाडीने निघायचं आहे. क्वार्टर कशी आहे, म्हणाली. मी म्हटलं, दोन खोल्या, हवेशीर. मग म्हणाली, अहो, दारात झाड आहे का, चिंगीची झोळी बांधायला?
आहे, म्हटलं.
ती झोळीसाठी जुनं लुगडं फाडायला बसली आहे.