चरबीवरचं झाकण

प्रिय ताई,

परवा फोनवर तू किती सहज म्हणालीस, की आईचं चरबीचं काम धाकटीनेच घ्यावं, आपल्या हातून काही धड होत नाही. मी हो हो करून फोन ठेवला. तेव्हापासून घास गोड लागत नाहीये.

आईचे गुडघे आता पार गेलेत. तरी बाबांच्या मटणाच्या दुकानामागच्या खोलीत ती रोज सकाळी चरबी बारीक चिरते, पातेल्यात वाटीभर पाणी घालते आणि मंद आचेवर कढवत बसते. गाळलेली चरबी कोणी स्वयंपाकाला नेतं, कोणी साबणाला, कोणी टाचांच्या भेगांना. मी केली की हमखास करपते. तू चौदाव्या वर्षी करायचीस तशी पांढरीशुभ्र मला आजवर जमलेली नाही. गिऱ्हाइकं तोंडावर सांगतात, थोरलीच्या हाताची सर नाही.

मला त्या वासाची किती लाज वाटायची! शाळेत जाण्याआधी दोनदा केस धुवायचे. आणि त्याच चरबीत तळलेले बटाटे सगळ्यांत आधी माझ्या ताटात. खायला पुढे नि कामाला मागे, असं आई उगाच नव्हती म्हणत.

तू भाजलीस त्या दिवशी माझ्या वर्गातली डॉक्टरांची मुलगी वही घ्यायला आपल्या घरी यायची होती. आई दुकानात होती आणि पातेलं तुझ्यावर सोपवलेलं. कढत्या चरबीवर झाकण ठेवायचं नाही, हे आपल्या घरात रांगतं पोरही जाणायचं. वाफेचं पाणी झाकणाला धरतं, ते चरबीत पडलं की सगळी उसळते. तू गाळायचं फडकं आणायला अंगणात गेलीस. परत आलीस तर पातेल्यावर झाकण. घाईने ते उचललंस आणि कोपरापर्यंत भाजलीस. आई धावत आली. झाकण कोणी ठेवलं म्हणून तिने विचारलं, तेव्हा तू ओरडत होतीस आणि मी म्हणाले, ताईने. पट्टी बदलताना तूच म्हणायला लागलीस, ठेवलं असेल मीच धांदलीत. त्या दिवसापासून तू घरादाराची धांदरट झालीस.

झाकण मी ठेवलं होतं, ताई. मैत्रिणीला वास येऊ नये म्हणून. आज सकाळी आईला सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि खाली बसून राहिली. तुला काय काय बोलली होती, तेच आठवत असेल. हे काम तुझं आहे. घे किंवा घेऊ नकोस, पण तुला जमत नाही म्हणून सोडू नकोस. मला माफ कर असं म्हणायला जीभ रेटत नाही. एवढंच सांगते, तुझ्यासारखीच धांदरट निघालीय म्हणून तू तुझ्या लेकीला गॅसपाशी फिरकू देत नाहीस ना? ती खरंच तुझ्यावर गेली असेल, तर तिला हाताला धरून तिथे उभी कर.

तुझीच,
खरं बोलायला तेवीस वर्षं लावणारी धाकटी